ट्यूशनला बदली पाहिजे

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ती. आत्याबाईंस,

मयूरीचा नमस्कार, दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा. कारण डावा बरा आहे आणि उजवा वाईट, असं तुम्ही मागच्या पत्रात कळवलं होतं, आणि सरसकट नमस्कार केला तर उजव्यावर अन्याय होईल. तुमच्या करणदादाच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का? नसेल, तर तिसऱ्या मजल्यावर बसून तुम्ही अजून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्याच पाहत असाल. इकडे बाबांची तब्येत चांगली आहे. माझीही आहे, फक्त जेवण जात नाही. त्याचं कारण पत्रात ओघाने येईल.

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या गावच्या लोकांना ट्यूशन या शब्दाचा अर्थ कळत नाही, त्यांना ती राखण वाटते, आणि हा शब्द मुळात 'शिकवणे' या अर्थाचाच आहे. हे चूक आहे. गावाला अर्थ कळतो. मला कळत नव्हता. तुम्ही मला लहानपणी शिकवलं त्याप्रमाणे त्या वाक्यावर एकच सरळ रेघ मारा (गिरवून काळं करू नका, चूक खाली दिसली पाहिजे). आणि तिकडे निर्मल शहरातल्या पेंटरकडे माझा ट्यूशनचा बोर्ड रंगवायला दिला असेल, तर त्याला हात थांबवायला सांगा. 'मयूरी' एवढं लिहून झालं असेल तर तेही तसंच राहू द्या, पुढचं काही घालू नका. का, ते सविस्तर सांगते; थोडक्यात सांगायला गेले की काहीतरी सुटतं आणि मग मला चैन पडत नाही.

तुम्हाला ठाऊक आहे की ट्यूशन मी जूनमध्ये सुरू केली. शाळा सुटली की लेकरं आपल्या ओट्यावर यायची, मी गणित आणि इंग्रजी घ्यायची, दिवेलागणीच्या आत सगळी घरी. पोळ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. पण कापूस फुटायला लागला, आणि घरंच्या घरं वेचणीला शेतात जायला लागली. एक दिवस बयनाबाई (म्हणजे आपल्या विहिरीपलीकडे, गावातल्या गावात दिलेली; तुमच्या वेळी ती चौथीत होती आणि तुमच्याकडे ओट्यावर शिकायला यायची) आपल्या दोन लेकरांबरोबर दोन मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली की आमच्याकडे लाइन नाही, एवढे चार्जिंगला लाव. मी लावले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीचे मोबाइल आले. ते वाजायला लागले की लेकरांचं पाढ्यांवरून लक्ष उडायचं, म्हणून मी ते टोपल्यात घालून वर घोंगडी टाकली, तर घोंगडीखालून तेलुगू गाणी, मराठी अभंग आणि एका बाईचा "आप जिस व्यक्ती से" हा हिंदी निरोप, सगळं एकदम यायला लागलं. त्यानंतर गॅसवाला आला. तो दुपारी येतो, घरी कोणी नसतं, म्हणून सगळ्यांनी त्याला ट्यूशनचा पत्ता दिलेला. आता ओट्याच्या एका बाजूला लेकरांची रांग आणि दुसऱ्या बाजूला सिलिंडरची. नवीन माणूस आला तर त्याला आधी कळत नाही की मी नेमकं कोणाला शिकवते.

मग वाळवणं आली, कोंबड्या आल्या आणि शेवटी बयनाबाईची सासू सखूबाई आली. त्या आता फार विसरतात. घरून निघतात आणि कुठेही पोचतात; एकदा तर कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून बाजारहत्नूरला गेल्या होत्या. बयनाबाईने त्यांना मागच्या रांगेत आणून बसवलं आणि निघून गेली. मी हरकत घ्यायला हवी होती. पण हजेरी घेताना मी लेकरांची नावं वाचत गेले आणि शेवटी त्या आपणहून "हाजिर" म्हणाल्या, इतक्या स्वच्छ आवाजात, की त्यांचं नाव हजेरीत नाही हे सांगायचं मला धैर्य झालं नाही. आता आहे. (माझ्या ट्यूशनमध्ये एकही दिवस न चुकवणारी विद्यार्थिनी त्या एकट्याच आहेत.)

तेव्हाच मी तुम्हाला चिडून ते पत्र लिहिलं. मला वाटायचं, मी पदवी घेतलेली मुलगी, इंग्रजी शिकवते, आणि ही माणसं मला जागल्या समजतात. बोर्ड लागला, तोही तीन भाषांत, की सगळ्यांना कळेल.

बोर्डाच्या आधी बकरीचं प्रकरण झालं. शेजारच्या मालनबाईने तिचं सोयाबीन आपल्या अंगणात पसरून ठेवलं होतं, मला विचारून. बयनाबाईने आपली बकरी खुंटीला बांधली होती, मला न विचारता, पण मी पाहिलं होतं आणि काही बोलले नव्हते, म्हणजे विचारल्यातच जमा. मी फळ्यावर अपूर्णांक काढत होते. बकरी सुटली. मी वळून पाहिलं तेव्हा तिने सोयाबीनचा (मी अंदाज केला) एक दशमांश भाग खाल्ला होता, आणि ती पोट फुगवून सिलिंडरला टेकून उभी होती. लेकरांनी तिला पळवली, तेल पाजलं, ती वाचली. संध्याकाळी मालनबाई आली आणि म्हणाली, माझं सोयाबीन तुझ्या राखणीत होतं, भरून दे. तिच्या मागोमाग बयनाबाई आली आणि म्हणाली, माझी बकरी तुझ्या राखणीत होती, तिच्या पोटाचं काय. मी म्हटलं, बकरीने सोयाबीन खाल्लं, तर तुम्ही दोघी आपसांत पाहून घ्या. तर दोघीही माझ्याकडे दयेने पाहत म्हणाल्या की आमचं एकमेकींशी काहीच भांडण नाही. आणि खरंच नव्हतं. दोघी आपल्या ओट्यावर शेजारी बसून चहा प्यायल्या. राखणीचा नियम असा आहे की जिम्मा ज्याचा, नुकसान त्याचं. मग खाणारं आणि खाल्लं गेलेलं दोन्ही त्याच्याच जिम्म्यात असेल तर त्याने दोन्हीकडे भरावं. बाबांनी घरातलं सोयाबीन एकीला दिलं, बकरीचं औषध दुसरीला दिलं, आणि मला म्हणाले, "आता तू खरी राखणदार झाली." मला ते आवडलं नाही. त्यांना फार आवडलं होतं, आणि तेव्हा मला त्याचं कारण समजलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मला बी.एड.ला सीट लागली आहे, दुसऱ्या फेरीत, आदिलाबादला, हॉस्टेलसकट. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर मी बोलते तेव्हा बाबा शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकतात, आणि तुमच्याकडे करणदादा स्पीकर लावतो. शिवाय तुम्हीच म्हणता की फोनवर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तुम्हाला दिसत नाहीत. कॉलेजात हजर होण्याचा शेवटचा दिवस जवळ आला आहे. हे मी बाबांना सांगितलं.  मग बाजाराच्या दिवशी, वेचणी बंद असते तेव्हा, दुपारी आपल्या ओट्यावर सगळे जमले, आणि मला कळलं की बाबांनी त्यांना बोलावलं आहे.

सगळ्यांना आनंद झाला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. बयनाबाईने माझ्या हातावर साखर ठेवली. मग बाबांनी घसा साफ केला आणि विचारलं की सगळं खरं, पण राखणीचा नियम काय आहे. नियम सगळ्यांना पाठ आहे. जिम्मा एकदा घेतला की पीक घरात येईपर्यंत राखणदाराला शेतातल्या माळ्यावरून उतरता येत नाही. उतरायचंच असेल तर आपल्या जागी बदली माणूस बसवायचा, आणि तो शेतवाल्यांना पसंत पाहिजे. कापूस संक्रांतीपर्यंत चालतो. बयनाबाई म्हणाली, "जाय ना बाई, आमी काऊन अडवू? पण मंग माह्या सासूले कोण पाहीन?" मागच्या रांगेतून सखूबाई म्हणाल्या, "हाजिर."

मला राग आला, आत्या. राग आला की मी रडते हे तुम्हाला माहीत आहे, पण या वेळी रडले नाही. मी म्हटलं की राखण वेगळी आणि ट्यूशन वेगळी, हा विद्येचा शब्द आहे, त्याला शेताचे नियम लागू होत नाहीत. आणि मी ते सिद्ध करते. मी आत गेले आणि तुम्ही मला दहावीनंतर दिलेली जाडी डिक्शनरी घेऊन आले. सगळे वाट पाहत होते. सिलिंडरसुद्धा वाट पाहत असल्यासारखे वाटत होते. मी पान उघडलं, शब्द शोधला, आणि त्यापुढचं मनातल्या मनात वाचलं.

त्यात लिहिलं होतं की हा शब्द लॅटिनमधल्या 'तुएरी' या शब्दापासून आला, आणि त्याचा अर्थ पाहणे, लक्ष ठेवणे, सांभाळणे, राखणे. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला, तिथून इंग्रजीत आला, आणि इंग्रजीतही आधी त्याचा अर्थ संरक्षण, ताबा, जिम्मा एवढाच होता. शिकवण्याशी त्याचा संबंध पुष्कळ नंतर जोडला गेला, आणि फीशी त्याहूनही नंतर. खाली 'ट्यूटर' पाहा असं लिहिलं होतं. मी आशेने ट्यूटर पाहिलं. ट्यूटर म्हणजे मुळात अज्ञान मुलाचा पालक, राखणदार. सगळं घराणंच राखणीचं निघालं.

पुस्तक मिटून "छापलेलं पुसट आहे" म्हणता आलं असतं. तिथे इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. पण तुम्ही मला ओट्यावर शिकवत होता तेव्हा, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटामागे मी 'घोडा' चुकीचा लिहून त्यावर बोट ठेवून बसले होते, आणि तुम्ही बोट उचललं नाहीत, तुम्ही नुसत्या बसून राहिलात, मी स्वतः उचलेपर्यंत. तर मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीत, ट्यूटरसकट. कोणी हसलं नाही. मालनबाई म्हणाली की तिकडच्या लोकांनाही हे माहीत आहे म्हणजे तेही शेतकरीच असतील. बाबांनी डिक्शनरीला हात जोडले. (बाबांनी आजवर तहसीलच्या कागदाशिवाय कशालाही इतक्या आदराने हात जोडलेले मी पाहिले नाहीत.)

पण आत्या, पुस्तक मिटता मिटता मला दिसलं की मी हरलेले नाही. ट्यूशन जर राखण असेल, तर राखणीचा सगळा नियम तिला लागतो, अर्धा नाही. आणि नियमात बदली आहे. मी म्हटलं, ठीक आहे, मी राखणदार. राखणदाराला बदली देता येते की नाही? बाबा सोडून सगळे म्हणाले, येते.  मी म्हटलं, मग ही माझी बदली. आणि एक नाव सांगितलं. ते नाव ऐकून सगळे ताठ बसले, दोघींनी पदर सारखे केले, आणि बयनाबाई म्हणाली, "ते येत असन तं तू उद्याच जाय." मालनबाईला पसंत, सगळ्यांना पसंत. नाव खाली सांगते. आधी हे पुरं करू द्या.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या रांगेत सखूबाईंच्या शेजारी बसून त्यांना सांगत होते की मी आता जाणार. त्यांना आज काय जेवलं ते आठवत नाही, पण उन्हाळ्यातलं आठवलं. म्हणाल्या, "तुह्या बापानंच तं ही शाळा मांडली वं. घरोघर फिरला. लेकरं पाठवा म्हने, शिकले तं शिकले, माही पोरगी घरी राहीन." मी त्यांना परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे न करता. आणि मी इतके महिने समजत होते की ट्यूशनची कल्पना माझी.

मग मला सगळं एकापाठोपाठ दिसायला लागलं. नाल्याला पाणी येतं म्हणून तिसरीपर्यंत मला शाळेत न पाठवणं (करणदादा त्याच नाल्यातून रोज जायचा). आई गेल्यावर त्यांनी तुम्हाला इथे आणून माझ्याजवळ बसवलं, ते शिकवायला नव्हे, राखायलाच. शिकवणं तुम्ही आपल्या मनाने सुरू केलंत, आणि त्यांना कळलं तेव्हा मी वाचायला लागले होते. पदवीच्या परीक्षेला तीन तीन तास आदिलाबादच्या उन्हात कॉलेजबाहेर बसायचे, हातात कापसाच्या नमुन्याची पिशवी घेऊन, म्हणजे कोणी विचारलं तर व्यापाऱ्याकडे आलो म्हणता येईल. ओट्यावर लेकरं, बकऱ्या, सिलिंडर आणि सखूबाई यांची राखण मी करत होते हे खरं. पण बाबांच्या हिशेबात त्या सगळ्यांना मिळून माझी राखण दिलेली होती.

मी तशीच बाबांकडे गेले. ते कापूस निवडत होते, पत्तीचा चुरा बोटाने काढून बाजूला ठेवत होते. मी सखूबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. मी म्हटलं, मला आता राखायची गरज नाही बाबा, मी तेवीस वर्षांची आहे. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले,

"तू गेल्यावर मी काय राखू वं?"

 डिक्शनरी शेजारीच होती, पण ती उघडून उपयोग नव्हता. मी बसले आणि त्यांच्याबरोबर पत्तीचा चुरा काढत राहिले, अंगणातली सावली भिंतीवर चढेपर्यंत. तेव्हापासून जेवण जात नाही. त्यांनाही जात नाही, पण ते दोनदा वाढून घेतात, म्हणजे मला वाटू नये.

पण मी जाणार आहे. हे मी शाईने लिहिते आहे. मी खूप विचार केला, सगळ्या बाजूंनी, त्यांच्या बाजूने तर दोनदा, आणि दर वेळी तिथेच पोचले. त्या 'तुएरी'चा पहिला अर्थ नुसतं पाहत राहणे असा दिला आहे, राखणे त्यानंतरचा. आणि पाहण्यासाठी जवळ बसलंच पाहिजे असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही निर्मलहून माझी एकेक वेलांटी, एकेक उकार पाहता, पत्र लाल करून परत पाठवता, आणि मला कधी वाटलं नाही की तुम्ही दूर आहात. उलट जरा दूर असतात तर बरं, असं पुष्कळदा वाटलं आहे.

करणदादाला आणि वहिनीला नमस्कार. गुडघ्यांची काळजी घ्या.

तुमचीच ओट्यावरची विद्यार्थिनी,
मयूरी

ता. क. ते नाव तुमचं होतं. न विचारता घेतलं, याबद्दल माझ्यावर एक सरळ रेघ मारा. पण तुम्हीच सांगा, बयनाबाईला दुसरं कोणतं नाव पसंत पडलं असतं? तुमच्या छडीची आठवण निघाली की तिचा हात आपोआप मागे जातो. संक्रांतीपर्यंतचाच प्रश्न आहे. आपल्या घराला लिफ्ट नाही, पण पायरीही एकच आहे, आणि रस्त्यावरच्या गाड्यांऐवजी पाहायला सखूबाई, कोंबड्या आणि तुमचा भाऊ आहे. बकरी मी बयनाबाईला परत दिली आहे. बकऱ्या घेऊ नका, बाकी सगळं चालेल.

ता. क. दुसरा. बोर्डावर 'मयूरी' लिहून झालं असेल तर त्यावर एक सरळ रेघ मारून (नाव खाली दिसू द्या) पुढे तुमच्या नावाने 'जयवंताबाईंची ट्यूशन' असं लिहायला सांगा. तेलुगूत आणि इंग्रजीतही. येताना बसमध्ये तो मांडीवर घेऊ नका, टपावर द्या.

ता. क. तिसरा, आणि हा तुमच्यासाठी नाही. बाबा, हे पत्र पोस्टात टाकायला मी तुमच्याकडेच देते आहे. मागचं पाकीट मी डिंकाने चिकटवलं होतं, आणि आत्यांना ते ज्वारीच्या पिठाच्या खळीने चिकटवलेलं मिळालं. त्यांनी मला कळवलं. मी तुम्हाला काही बोलले नाही. तोंडावर मला जे सांगता येत नाही ते वर सगळं लिहिलं आहे, तेव्हा इथपर्यंत वाचलं असेल तर बरंच झालं. आता खळ नीट लावा आणि पत्र पेटीत टाका. सखूबाईंची हजेरी आजपासून तुम्ही घ्यायची. त्या माझ्या आवाजाला सरावल्या आहेत, तुमच्याही सरावतील. मी दर आठवड्याला पत्र लिहीन, तुमच्या नावाने, म्हणजे ते फोडायला तुम्हाला कष्ट नकोत. बसस्टँडपर्यंत या. तिथून पुढे येऊ नका, कापसाची पिशवी घेऊनसुद्धा. मी निघते आहे सोमवारी, १७ नोव्हेंबरला, सकाळच्या पहिल्या बसने.